चालतंय तोवर उतरा : घरी बांधलेल्या, रोटरी इंजिनाच्या विमानात हवेत बिघाड झाला तर

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते बीकेसीत लोकांनी पाहिले आणि २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली. तेव्हापासून मुंबईतली बरीच तरुण मंडळी विचारू लागली आहेत की आपणही बांधू शकू का. प्रश्न इंजिनावर येतो तेव्हा नव्या विमान-इंजिनाची किंमत ऐकून निम्मे गप्प होतात आणि उरलेल्यांपैकी कुणीतरी हमखास मझदाच्या मोटारीतल्या रोटरी इंजिनाचे नाव काढतो. हलके, आटोपशीर, थरथर कमी, सुटे भाग मोजके. हे सगळे खरे आहे. हा लेख त्या मंडळींसाठी आहे. इंजिन कसे बसवायचे ते यात नाही. ते हवेत कुरकुरू लागले तर काय करायचे, तेवढेच आहे. यातली प्रत्येक गोष्ट प्रशिक्षकासोबत, भरपूर उंचीवर, आधी करून पाहायची आहे. नुसते वाचून ती हाताला येत नाही.

आधी इंजिन ओळखा

घरगुती विमानांत बहुतेक वेळा दिसते ते मझदाचे १३बी. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १,३०८. तिकोनी रोटर एकदा फिरतो तेव्हा मुख्य शाफ्ट तीनदा फिरतो. पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाही. त्यामुळे रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, व्हॉल्व्ह गळून पडला, असले प्रकार इथे होत नाहीत. रोटरच्या टोकावरचे सील, म्हणजे एपेक्स सील, तुटले तर त्या रोटरची ताकद जाते, पण दुसरा रोटर बहुधा फिरत राहतो आणि थोडीफार शक्ती देत राहतो.

म्हणजे इंजिनाचा गाभा चिवट आहे. नाजूक आहे ते त्याच्या भोवतीचे. जुन्या पद्धतीच्या विमान-इंजिनात मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो, बॅटरी मेली तरी इंजिन चालते. रोटरीत इग्निशन, इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, सगळे विजेवर. वीज गेली की इंजिन गेले. शिवाय रेडिएटर, पाण्याच्या होज, ऑइल कूलर, आणि आरपीएम कमी करणारा गिअरबॉक्स. २.८५ ला १ असा गिअरबॉक्स असेल तर इंजिन ७,००० वर फिरताना प्रोपेलर साधारण २,४५० वर फिरतो. हा गिअरबॉक्स बऱ्याच बांधणीत इंजिनाच्याच ऑइलवर जगतो, हे पुढे लागणार आहे.

या चिवटपणातच नवख्या पायलटचा घात होतो. पाणी गळून गेलेले, एक रोटर गमावलेले रोटरी इंजिन काही वेळ चालतच राहते. मग वाटते, चालतंय ना, जाऊ या घरच्या धावपट्टीपर्यंत. वाटेतले शेत मागे पडते, दुसरे मैदान मागे पडते, आणि इंजिन थांबते तेव्हा खाली इमारती असतात. इंजिन तुम्हाला वेळ देते तो जमिनीवर येण्यासाठी. तो वेळ इंजिन वाचवण्यात किंवा घर गाठण्यात घालवू नका.

जमिनीवर करायची तयारी

निम्मे काम इथेच होते, म्हणून इथे रेंगाळतो.

वीज दोन वाटांनी आणा. दोन बॅटऱ्या, किंवा एक बॅटरी आणि अल्टरनेटर, पण इंजिनाला लागणारी वीज मुख्य मास्टर स्विचला वळसा घालूनही मिळाली पाहिजे. दोन पंपांना दोन वेगळे फ्यूज. इंजिन-कंट्रोलरचे अ आणि ब असे दोन भाग असतील तर दोघांचा पुरवठा आणि अर्थिंग वेगळे. एकाच अर्थच्या नटाखाली सगळ्या तारा आल्या तर दोन कंट्रोलर असून नसल्यासारखे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरवर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो. लॅमिंग्टन रोडवर सीलबंद कनेक्टर मिळतात, तेच घ्या आणि दर पावसाळ्यानंतर प्रत्येक जोड उघडून बघा.

अल्टरनेटर बंद पडल्यावर बॅटरीवर किती वेळ उडता येईल, ते मोजून ठेवा. समजा इंजिन चालवायलाच १५ अँपिअर लागतात आणि बॅटरी १७ अँपिअर-तासांची आहे. कागदावर हा तासाभराहून जास्त वेळ दिसतो, पण जुनी बॅटरी आणि घसरणारे व्होल्टेज धरले तर मी अर्ध्या तासाच्या पुढे जाणार नाही. विमान घट्ट बांधून जमिनीवर हे खरेच चालवून बघा आणि मिळालेली वेळ पॅनेलवर चिकटवा.

पेट्रोलचे वेगळे सांगायला हवे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या रबराला आणि फायबरग्लासच्या काही रेझिनना खाते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि नेमके तळातूनच इंजिनाला इंधन जाते. टाकीच्या तळातून नमुना काढून रोज बघा, आणि पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी आठवडाभर तशीच उभी ठेवू नका. नागदेवीत हवी ती होज मिळते. पण इंजेक्शनच्या दाबासाठी आणि इथेनॉलसाठी चालते, असे होजवरच छापलेले असेल तरच ती विमानात घाला. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीच्या, पुढच्या प्रत्येक होजला आगरोधक आवरण हवे. रोटरीचा एक्झॉस्ट ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्याच्याजवळ साधी रबरी नळी टिकत नाही.

मग कॉकपिटमध्ये बसा. गाळ्यात, विमान उभे असताना. डोळे मिटा आणि मित्राला म्हणायला सांगा: “दुसरा पंप. कंट्रोलर ब. दुसरी टाकी. बॅटरी दोन.” न बघता हात बरोबर जागी जाईपर्यंत हे रोज करा. ज्या स्विचवर इंजिन अवलंबून आहे, त्यांचा आकार बोटांना वेगळा लागला पाहिजे.

चाचणी-उड्डाणे कुठून करायची, याबद्दल माझे मत ठाम आहे: मुंबईतून नाही. जुहूला १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तेव्हा तिथे मोकळा किनारा होता. आज पश्चिमेला समुद्र, बाकी बाजूंना इमारती आणि लगतच सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाचे आकाश. नव्या, न तपासलेल्या इंजिनासाठी धुळ्यासारखी मोकळ्या माळाजवळची धावपट्टी हवी. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवानगीतही चाचणीचा प्रदेश ठरवून दिलेला असतो. तो अडथळा समजू नका.

पहिले काही सेकंद

इंजिन अडखळले. आता क्रम असा.

पहिले, नाक खाली. शक्ती गेली की वेग विलक्षण पटकन उतरतो, विशेषतः चढताना. हात मात्र आपोआप स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढतो, कारण जमीन नकोशी वाटते. त्या क्षणी स्टिक पुढे ढकलायची आणि ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय घसरत उतरण्याचा, ठरलेला वेग धरायचा. हा वेग तुमच्या विमानाचा, तुम्ही स्वतः मोजलेला असला पाहिजे. थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन मोजलेला ग्लाइड खऱ्यापेक्षा जरा बरा दिसतो, कारण रिकामे फिरणारे इंजिनही थोडे ढकलत असते. समजा तुमचे विमान १ फूट खाली येताना ९ फूट पुढे जाते. मग ३,००० फुटांवरून वारा नसताना आठेक किलोमीटर जाईल. बेत मात्र चार किलोमीटरचाच करा.

दुसरे, उतरण्याजोग्या जागेकडे वळा. आधी वळा. कारण नंतर शोधा.

तिसरे, मग हात स्विचकडे.

उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर इंजिन गेले तर मागे फिरून धावपट्टी गाठायचा मोह टाळा. समोर, डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे मिळेल तिथे उतरा. मागे फिरायला किती उंची लागते ते आधीच मोजून ठेवता येते: सुरक्षित उंचीवर चढाईच्या वेगात थ्रॉटल बंद करा, गोंधळात जातात तेवढे तीन-चार सेकंद नुसते नाक खाली करून जाऊ द्या, मग धावपट्टीच्या रेषेत येण्यापुरते वळा आणि किती फूट गेले ते लिहा. त्यात निम्मे आणखी मिळवा. त्या आकड्याच्या खाली मागे फिरायचे नाही, हे प्रत्येक टेक-ऑफच्या आधी मोठ्याने म्हणा. मे महिन्यात मुंबईजवळ ३४ अंश तापमानात समुद्रसपाटीवरची हवादेखील विमानाला साधारण २,३०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. थंडीत मोजलेला आकडा तेव्हा वापरू नका.

इंजिन काय सांगतेय

*एकदम शांतता.* जवळजवळ नेहमी वीज किंवा पेट्रोल. दोन्ही पंप चालू, दुसरी टाकी, कंट्रोलर ब, दुसरी बॅटरी. प्रोपेलर वाऱ्याने फिरत असेल तर स्टार्टर लागत नाही. दाब आणि ठिणगी परत आली की इंजिन आपोआप उचलते. प्रत्येक उपाय एकदाच. थ्रॉटल पुन्हा पुन्हा पुढे-मागे करू नका. रोटरीत जास्तीचे पेट्रोल साचले की प्लग भिजतात, सीलवरचे ऑइल धुतले जाते आणि सुरू होऊ शकणारे इंजिनही सुरू होत नाही. फार पेट्रोल गेल्याची शंका असेल तर इंजेक्टर तोडणारा स्विच क्षणभर वापरा. असा स्विच बसवलेलाच असावा. उंची हजार फुटांच्या खाली आली की हा खटाटोप सोडा आणि फक्त उतरण्याकडे लक्ष द्या.

*धक्के, अर्धी ताकद.* एक रोटर गेला, किंवा त्याचे इंजेक्टर किंवा कॉइल गेली. मिश्रण जरा समृद्ध करून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवून, पाहा, कंट्रोलर बदलून पाहा. फरक पडला नाही तर हात काढा. थरथर वाईट वाटली तरी चालू इंजिन बंद करू नका. मिळेल त्या शक्तीवर सर्वांत जवळच्या जागेकडे चला आणि वाटेत उंची राखा.

*पेट्रोलच्या दाबाचा काटा फडफडतोय, आरपीएम वरखाली.* उन्हात थांबून लगेच पुन्हा उडालेल्या विमानात हे होते. काऊलखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, साठलेल्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या बाबतीत जास्त नखरेल. दुसरा पंप लावा, नाक खाली करून हवा वाढवा. उन्हाळ्यात दोन उड्डाणांच्या मध्ये काऊल उघडी ठेवा, हा खरा उपाय.

*पाणी.* इथे जरा थांबा, कारण नवखे इथेच फसतात. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, गळून गेले की तापमानाचा काटा वर जाईलच असे नाही. सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. “थंड झालं बरं का,” असे वाटते, आणि तेव्हा इंजिनात पाण्याचा थेंब नसतो. म्हणून कूलंटच्या दाबाचा वेगळा काटा किंवा दिवा हवाच. दाब पडला, ऑइलचे तापमान चढतेय, काचेवर तेलकट ओल, गोडसर वास: निदान झाले. शक्ती कमी करा, नाक खाली, मिश्रण समृद्ध. जागा ग्लाइडमध्ये असेल तर तिकडे. नसेल तर शक्ती लावा आणि इंजिन जळू द्या. हाउसिंग वाकतील, आतली पाण्याची सील जातील, पुन्हा बांधावे लागेल. ते बांधता येते.

*ऑइलचा दाब.* रोटरीत ऑइल रोटरलाही आतून थंड करते, त्यामुळे ते गेले की वंगण आणि गारवा दोन्ही जातात, आणि गिअरबॉक्स त्याच ऑइलवर असेल तर तोही कोरडा पडतो. हाताशी वेळ कमी. शक्ती आहे तोवर उंची किंवा जागा मिळवा.

*आरपीएम एकदम वर, ओढ मात्र नाही.* इंजिन आणि प्रोपेलरमधला दुवा तुटला. थ्रॉटल बंद. आता तुम्ही ग्लायडरमध्ये आहात, बाकी शोधू नका.

*धूर, पेट्रोलचा वास, आग.* पेट्रोलची कळ बंद, पंप बंद, केबिनची गरम हवा बंद. ज्वाळा एका बाजूला असतील तर विमान तिरके घसरवून त्या केबिनपासून दूर ठेवा. इंजिन पुन्हा सुरू करायचे नाही, कितीही उंची असली तरी.

अल्टरनेटर गेल्याचा दिवा लागला तर घाई नको, पण टाळाटाळही नको. रेडिओ आणि इंजिन सोडून सगळे बंद, आणि तुमच्या मोजलेल्या वेळेच्या निम्म्यात जमिनीवर.

जागा

कोकणपट्टीत मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मोकळी नसते. भांडुप-मुलुंडची किंवा वसईची मिठागरे वरून सपाट दिसतात, पण मध्ये बांध आणि खाली चिखल. खाडीकाठचे खारफुटीचे हिरवे तर त्याहून वाईट, माणूस वाचला तरी बाहेर काढणारे पोचायला वेळ लागतो. भातखाचरे जून ते ऑक्टोबर पाण्याने भरलेली. चाक रुतले की विमान उलटते. कापणीनंतर ती चांगली, मात्र बांधांना समांतर उतरा, बांध आडवे घेऊ नका. किनारा ओहोटीला, पाण्यालगतच्या ओल्या घट्ट वाळूवर. कोरडी मऊ वाळू टाळा, आणि माणसे असतील तर किनाराच टाळा. द्रुतगती मार्ग वरून धावपट्टीसारखा दिसतो, पण तिथे ट्रक, दुभाजक आणि वर कमानी.

तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. उतरण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खांब शोधा आणि दिसले की मध्ये तार आहे असे धरा. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, म्हणजे उतरताना तोंड बहुधा पश्चिमेला. तरीही धूर आणि झेंडे बघून खात्री करा. घाट ओलांडताना कड्याच्या आडोशाला, वारा खाली कोसळतो त्या बाजूला, कमी उंचीवर राहू नका.

पाण्यात उतरायची वेळ आलीच तर किनाऱ्याजवळ, मासेमारीच्या होड्यांच्या आसपास. स्थिर चाकांचे विमान उलटेल हे धरूनच दार आधी उघडा, आणि लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा.

रेडिओ

विमान स्थिर झाल्यावर. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच आधी, उत्तर नाही तर १२१.५, ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. “मेडे, मेडे, मेडे”, तुमचे नाव-नंबर, कुठे आहात, काय झाले, किती जण आहेत, कुठे उतरताय. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला तुमची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा. दोन वाक्यांत संपवा. त्यांनी प्रश्न विचारले आणि तुम्ही गुंतलेले असाल तर उत्तर देऊ नका, विमान उडवा.

टेकताना

जेवढ्या कमी वेगात जमिनीला लागाल तेवढे बरे, पण हवेत स्टॉल होऊ देऊ नका, म्हणजे वेग इतका कमी होऊ देऊ नका की पंखांची उचल जाईल. दार किंचित उघडे, पट्टे घट्ट. फ्लॅप विजेवर असतील तर ते आधी सोडा. जुन्या विमानांवर शिकलेल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: तिथे मास्टर बंद केला तरी इंजिन चालते. रोटरीत, बांधणी तशी असेल तर, मास्टर बंद म्हणजे इंजिन बंद. शेवटच्या टप्प्यात उरलेली थोडी शक्ती हवी असेल तर सवयीने हात मास्टरवर नेऊ नका. जागा नक्की हाताशी आली की मग पेट्रोल, पंप, इंजिनाचे स्विच आणि सर्वांत शेवटी मास्टर.

उतरल्यावर

बाहेर पडा, वारा येतो त्या बाजूला, विमानापासून दूर. एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहतो आणि शेतातले गवत वाळलेले असते. गावकरी धावत येतील, त्यांना बिडी-सिगारेट विझवायला सांगा. कुणी जखमी असेल तर त्याला काढायचे, पण त्यापलीकडे विमान हलवू नका. अपघात असेल तर परवानगीशिवाय अवशेष हलवता येत नाहीत. डीजीसीएला आणि अपघात तपास विभाग एएआयबीला ताबडतोब कळवा.

इंजिन तिथेच पुन्हा सुरू झाले आणि गोड वाजले, तरी त्याच शेतातून उडून परत येऊ नका. विमान ट्रकवर घाला. कंट्रोलरची नोंद उतरवून घ्या, ऑइल फिल्टर कापून आतले कण बघा, कूलंटच्या वाटेला दाब देऊन तो टिकतो का पाहा. मग कॉम्प्रेशन. दोन्ही रोटरचे, आणि प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे. साधा पिस्टनचा गेज तिघांतला सर्वांत चांगला आकडा धरून बसतो, म्हणून त्याचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह दाबून धरा आणि काट्याचे तीन ठोके पाहा. तिन्ही सारखे आणि पुरेसे उंच आले तर बिघाड बहुधा बाहेरचा आहे: तार, पंप, होज. एक ठोका लंगडा असेल तर हाउसिंग उघडायची तयारी करा, आणि ते सील का गेले ते कळेपर्यंत नवे सील घालू नका.